‘जन्मल्यावर बघू’ असं लिहिण्याआधी
सोनोलॉजिस्ट आणि प्रसूतितज्ज्ञांना एका भूलतज्ज्ञाचं खुलं पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

सीझरच्या वेळी मी टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी असते. मधे हिरवा पडदा. पलीकडे तुम्ही, अलीकडे मी आणि बाईचा चेहरा. बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे कान रडण्याकडे लागतात, माझेही. हे पत्र अशा बाळांबद्दल आहे, ज्यांचं रडणं येणार नाही हे काही आठवडे आधीच कुणीतरी स्क्रीनवर पाहिलेलं असतं.

एका रात्री कळा सुरू झालेली एक बाई आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले रिपोर्ट. २२ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत लिहिलं होतं: बाळाच्या मानेच्या पुढच्या बाजूला गाठ, गर्भजल वाढलेलं. आणि शेवटी एक ओळ, ‘प्रसूतीनंतर तपासणी करावी’. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीच्या कागदावर वजन होतं, रक्तदाब होता, लोहाच्या गोळ्या होत्या. गाठीचा उल्लेख पुन्हा नव्हता. तिला ३६ वा आठवडा चालू होता. नेहमीसारखंच सीझर झालं, नेहमीसारखीच नाळ कापली गेली, आणि बाळ आमच्याकडे आलं. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात पाहायचं साधन, घातल्यावर मला स्वरयंत्र दिसायला हवं होतं. दिसला तो गुलाबी मांसाचा एक गोळा. मास्कने हवा आत जाईना. दुसरा प्रयत्न, तिसरा. मानेवर चीर देऊन श्वासनलिका गाठावी तर ती मध्यभागी नव्हतीच, गाठीने ती एका बाजूला आणि आत ढकलली होती. ते बाळ वाचलं नाही.

त्या रात्री कुणी हलगर्जीपणा केला असं मी म्हणत नाही. सगळे धावले. पण २२ व्या आठवड्यात जे दिसलं होतं, त्याच्याशी आम्ही ३६ व्या आठवड्यात, तेही नाळ कापून झाल्यावर, झटापट करत होतो. ‘प्रसूतीनंतर’ हा शब्द लिहिणाऱ्याला तो साधा, काळजीपूर्वक सल्ला वाटला असणार. माझं म्हणणं एवढंच, की श्वासमार्गाच्या बाबतीत प्रसूतीनंतरचा काळ काही मिनिटांचाच असतो.

पोटातल्या बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि श्वासाचं काम वार, म्हणजे प्लासेंटा, करते, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. श्वासमार्ग बंद असला तरी पोटात बाळाला प्राणवायू मिळत राहतो, कारण श्वासासाठी त्या वाटेची त्याला अजून गरज पडलेली नसते. अडचण सुरू होते ती नाळेला क्लॅम्प लागल्यावर. म्हणजे या बाळांना तोवर जिवंत ठेवणारी सोय आपणच बंद करतो, आणि मग दुसरी सोय शोधायला लागतो. क्रम उलटा केला तर? वार चालू ठेवायची, बाळाला अर्धवट बाहेर घ्यायचं, श्वासाची नळी पक्की बसवायची आणि मगच नाळ कापायची. ‘एक्झिट’ म्हणतात ते हेच. लांबलचक नाव एक्स युटेरो इन्ट्रापार्टम ट्रीटमेंट.

ही युक्ती मानेच्या गाठींसाठी जन्मली नव्हती. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल हॅरिसन आणि त्यांचे सहकारी श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा) हर्निया असलेल्या गर्भांची श्वासनलिका पोटातच क्लिप लावून बंद करत होते. फुप्फुसातला द्रव आत अडकला की फुप्फुस वाढतं, हा त्यामागचा विचार. पण ती क्लिप पहिल्या श्वासाआधी काढायला हवी. त्यासाठी बसवलेली पद्धत १९९७ मध्ये ‘एक्झिट’ या नावाने छापून आली आणि मानेच्या, तोंडाच्या, स्वरयंत्राच्या अडथळ्यांना ती जास्त उपयोगी पडली. मानेवर मोठी गाठ असलेल्या बाळाला नाळ न कापता नळी घालायचा प्रयत्न त्याआधी, १९८९ च्या सुमारासही नोंदवला गेला होता. म्हणजे कल्पना काही नवी नाही. आपण ती फार उशिरा आठवतो.

टेबलावर काय होतं ते माझ्या बाजूने सांगते, कारण यातली अर्धी लढाई पडद्याच्या अलीकडे असते आणि तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलेली नसते.

साध्या सीझरमध्ये मला बाईला हलकी भूल हवी असते, शक्यतो कमरेतली, आणि बाळ बाहेर येताच गर्भाशय घट्ट आकसायला हवं असतं. एक्झिटमध्ये यातलं एकही खरं नाही. इथे गर्भाशय ओल्या कणकेसारखं सैल राहायला हवं. ते आकसलं तर वार सुटते, वार सुटली की बाळाचा प्राणवायू गेला. त्यासाठी आम्ही सेव्होफ्लुरेनसारखा वायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट ताकदीने देतो. काही ठिकाणी कमरेतली भूल ठेवून नायट्रोग्लिसरीनवर गर्भाशय सैल करतात. एवढ्या खोल भुलीत बाईचा रक्तदाब कोसळतो. रक्तदाब कोसळला की वारेकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्यालाच ते भोवतं. म्हणून दोन जाड सुया, मनगटात धमनीची लाईन, रक्तदाब धरून ठेवणाऱ्या फेनिलएफ्रिनचा पंप, जुळवून ठेवलेलं रक्त. टेबल थोडं डावीकडे झुकवलेलं, पोटाचा भार मोठ्या शिरेवर येऊ नये म्हणून.

चीर कुठे द्यायची हे वार ठरवते. म्हणून चीर देण्याआधी निर्जंतुक आवरण घातलेला सोनोग्राफीचा प्रोब थेट गर्भाशयावर फिरवून वारेची कड शोधतात. पाणी फार असेल तर ते आधी काढून घेतात, नाहीतर ताणलेल्या भिंतीवर वार कुठे संपते याचा अंदाज चुकतो. चिरेच्या कडेला रक्त वाहू नये म्हणून विरघळणाऱ्या पिनांचा स्टेपलर वापरतात. मग बाळाचं डोकं, मान आणि एक हात बाहेर. बाकीचं अंग आतच. ते आत ठेवण्याला कारण आहे: गर्भाशय भरलेलं राहिलं तर आकसत नाही, नाळ दबत नाही आणि बाळ गार पडत नाही. उरलेली जागा कोमट सलाईनने भरत राहतात. कोमट म्हणजे खरंच कोमट. गार सलाईनने काय होतं याचा प्रयोग करायची जागा ही नव्हे.

त्या बाहेर आलेल्या हाताला खांद्यात इंजेक्शन देतात, फेन्टानिल, ॲट्रोपिन आणि स्नायू सैल करणारं औषध, म्हणजे बाळ हलणार नाही आणि अर्धवट श्वास घेणार नाही. मग तळहाताला सॅचुरेशनचा, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण मोजणारा, सेन्सर. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात तो तळहात माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा, त्यावर पांढरा चिकट थर, सेन्सर घसरतो. पुसायचं, गुंडाळायचं, वरून चंदेरी फॉइल लावायची, कारण ऑपरेशनच्या दिव्याचा प्रकाश आत शिरला की आकडा खोटा येतो. आणि आकडा आला की खोलीतल्या नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो: ५५. मोठ्या माणसाचा ५५ आला असता तर मीही ओरडले असते. पण वारेवर चालणाऱ्या बाळाचं ४० ते ७० हे सामान्य आहे. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने हळूच विचारलं, ‘मॅडम, प्राणवायू वाढवू?’ त्याला म्हटलं, वाढवायचाय तो आईचा रक्तदाब.

त्यानंतर श्वासमार्गाचं काम. आधी लॅरिंगोस्कोप, नाही जमलं तर कडक ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत घालायची दुर्बीण, गाठीत द्रवाची पिशवी असेल तर ती सुईने रिकामी करून जागा करायची, आणि शेवटी ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे मानेवर चीर देऊन थेट श्वासनलिकेत नळी. कधी गाठ बाजूला सारून, कधी तिचा काही भाग काढून. हे अर्ध्या तासात उरकतं किंवा तास लागतो. दोन तासांच्या पुढे चाललेली एक्झिटही नोंदवलेली आहेत. मुदत मात्र प्रत्येक पायरीला हवी. किती प्रयत्नांनंतर पुढच्या पायरीवर जायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं बरं, कारण हातात साधन असलेल्या माणसाला ‘आणखी एकदाच’ असं नेहमी वाटतं. मलाही वाटतं.

नळी बसली की तिला टाका घालतात. ओल्या गालावर चिकटपट्टी टिकत नाही, आणि टेबलापासून बाळाच्या गरम पाळण्यापर्यंतच्या चार पावलांत नळी निसटली तर सगळं मुसळ केरात. छाती हलते आहे, दोन्हीकडे हवा जाते आहे, सॅचुरेशन ९० च्या वर चढतं आहे, हे पाहिल्यावर मोठ्याने ‘नाळ कापतोय’ असं म्हणायचं. ते वाक्य माझ्यासाठी असतं. त्या क्षणी मला सगळं उलटं फिरवायचं असतं: वायू बंद किंवा अगदी कमी, ऑक्सिटोसिन सुरू, गर्भाशय जितकं सैल केलं होतं तितकंच घट्ट करायचं, तेही मिनिटाभरात. एक्झिटमधला आईचा सर्वांत मोठा धोका या मिनिटात आहे. सैल राहिलेलं गर्भाशय किती वेगाने रक्त सोडतं हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

असं बाळ रडत नाही. नळी स्वररज्जूंमधून गेलेली असते, आवाज कुठून येणार. ऑपरेशन थिएटरात एक विचित्र शांतता असते आणि मॉनिटरचा सूर चढत जातो.

आता तुमच्या बाजूला येते.

सोनोलॉजिस्ट मित्रांनो, काही चित्रं अशी आहेत की ती दिसताच रिपोर्ट टाईप करण्याआधी फोन उचलावा. मानेच्या पुढच्या बाजूची गाठ, काही भाग घन, काही द्रवाचा, मधे चुन्याचे ठिपके, आणि बाळाची मान मागे ताणलेली, जणू आभाळाकडे पाहतंय: ही बहुधा टेराटोमा (वेगवेगळ्या ऊतींची मिळून झालेली गाठ) असते आणि श्वासनलिकेला सर्वांत जास्त तीच छळते. लिम्फॅटिक, म्हणजे लसिकावाहिन्यांची, गाठ मऊ असते, मोठी दिसली तरी नळीला वाट देते कधीकधी. पण ती जिभेखाली, घशात पसरली असेल तर भरवसा नाही. (पहिल्या तिमाहीत मानेच्या मागे दिसणाऱ्या पिशवीचा प्रश्न वेगळा. तिथे आधी गुणसूत्रांचा विचार, श्वासमार्गाचा नंतर. या दोन्ही गाठींची नावं रिपोर्टांत इतकी सरमिसळ होतात की पुढच्या डॉक्टरचा गोंधळ उडतो.)

दुसरं चित्र चकवतं. दोन्ही फुप्फुसं मोठी आणि पांढरीशुभ्र, श्वासपटल सपाट किंवा खालच्या बाजूला फुगलेलं, हृदय मधे चिमटलेलं, पोटात पाणी. पहिल्या नजरेला हा फुप्फुसांचा आजार वाटतो. असतो स्वरयंत्राचा किंवा वरच्या श्वासनलिकेचा अडथळा. फुप्फुसांचा द्रव बाहेर पडू शकत नाही म्हणून ती फुगलेली असतात. १९९४ पासून याला ‘केऑस’ म्हणतात, म्हणजे जन्मजात वरच्या श्वासमार्गाच्या अडथळ्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. इंग्रजीत केऑस म्हणजे गोंधळ; नाव चांगलं जुळलं आहे. अशा बाळाला तोंडातून नळी बहुधा जाणार नाही, थेट ट्रेकिऑस्टॉमीच लागते. हे कुणाला आधी माहीत नसेल तर पहिली तीन-चार मिनिटं चुकीच्या दारावर धडका मारण्यात जातात.

तिसरं, हनुवटी. बाजूने घेतलेल्या चित्रात आई-वडिलांना नाक दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. जरा खाली पाहा. जबडा फार लहान, जीभ मागे पडलेली, जोडीला पाणी वाढलेलं आणि जठराचा बुडबुडा दिसत नाही, म्हणजे बाळ गिळत नाही आणि वाट अडलेली आहे. वाढलेलं गर्भजल ‘कारण अज्ञात’ म्हणून सोडून देण्याआधी मान आणि जबडा पुन्हा एकदा पाहिलात तरी खूप.

या चित्रांत एमआरआय मोठी मदत करतो, कारण गाठ आणि श्वासनलिकेचं नातं त्यात स्पष्ट दिसतं. तो कधी करायचा, कुणी वाचायचा, हे ठरवायला हातात आठवडे लागतात. शिवाय पाणी वाढलेल्या बाईला कळा लवकर सुरू होतात. तारीख ३८ व्या आठवड्याची असेल, पण त्या गर्भाशयाने कॅलेंडर पाहिलेलं नसतं.

आधीपासून ठरवण्याचं एक उदाहरण आपल्याच शास्त्रात आहे. श्वासपटलाच्या गंभीर हर्नियात आता क्लिपऐवजी दुर्बिणीतून श्वासनलिकेत फुगा बसवतात, साधारण २७ ते २९ व्या आठवड्यात, आणि ३४ व्या आठवड्यात तो काढतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत घरी जाऊ शकलेल्या बाळांचं प्रमाण फुगा बसवलेल्यांत ४० टक्के होतं, न बसवलेल्यांत १५ टक्के. पण फुगा आत असताना बाईने केंद्रापासून दूर राहायचं नाही, हा नियम त्यासोबतच येतो. कळा अवेळी सुरू झाल्या तर फुगा काढू शकणारं माणूस जवळ हवं. ज्या बाळाच्या श्वासनलिकेत फुगा आहे त्याला आपण हा नियम लावतो; गाठ आहे त्याला मात्र ‘कळा आल्या की या’.

प्रसूतितज्ज्ञांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, मानेवर गाठ म्हणजे एक्झिट असं समीकरण नाही. बऱ्याच बाळांना ठरवून केलेलं सीझर आणि खोलीत तयार उभी असलेली श्वासमार्गाची टीम एवढं पुरतं. काही ठिकाणी गर्भाशय फार सैल न करता, नाळ न कापता, मिळतील तेवढ्या मिनिटांत नळी घालतात. वार अयोग्य जागी असेल, बाईचं हृदय एवढी भूल सोसणार नसेल, तर एक्झिट करू नये हे मीच सांगेन. आणि जिथे बाळाला सोबत जगू न देणारं दुसरं काही असेल, तिथे मोठी शस्त्रक्रिया न करता बाळाला आईच्या कुशीत द्यायचं, हाही एक निर्णय आहे. तोही आधी बोलून घ्यावा लागतो, रात्री दोनला लेबर रूमच्या दाराशी नव्हे.

दुसरी गोष्ट त्या बाईबद्दल. एक्झिट ही तिच्यावरची शस्त्रक्रिया आहे. फायदा बाळाला, जोखीम तिला. रक्तस्राव, खोल भूल, आणि चीर वरच्या भागात उभी द्यावी लागली तर पुढच्या प्रत्येक बाळंतपणात कळा येऊ न देता सीझर, गर्भाशय फाटण्याची टांगती तलवार. हे तिला ती एकटी असताना, शांतपणे, तिच्या भाषेत सांगितलं पाहिजे. ‘आई काय, बाळासाठी काहीही करेल’ असं घरचे म्हणतात, कधी आपणही म्हणतो. ती संमती नव्हे. मी भूल देण्याआधी तपासायला जाते तेव्हा बायका मला विचारतात, ‘मला काही होणार नाही ना?’ आणि मागे वळून पाहतात, कुणी ऐकलं तर नाही.

जमलं तर तालीम करा. रिकाम्या ऑपरेशन थिएटरात, जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून, आईची टीम इथे, बाळाची तिथे, दुसरं टेबल कुठे. आमच्या पहिल्या तालमीत बाळाच्या पाळण्याची वायर भिंतीपर्यंत पोचत नाही हे कळलं. एवढीशी गोष्ट.

शेवटी मागणं अगदी कागदी आहे. रिपोर्टाच्या खाली ‘प्रसूतीनंतर तपासणी करावी’ याऐवजी हे लिहा: ‘जन्मताच श्वासमार्गात अडथळा येण्याची शक्यता. प्रसूतीची जागा आणि पद्धत आधी ठरवावी.’ फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत, आतल्या पानात नव्हे, आणि तिथेच लिहा की अवेळी कळा आल्या तर बाईने कुठे जायचं आणि कुणाला फोन करायचा. तो कागद तिच्याकडे द्या, एक प्रत नवऱ्याकडे किंवा आईकडे. आणि नवजात शिशुतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे सर्जन आणि आम्ही भूलतज्ज्ञ, या तिघांना ती फाईल २४ व्या, २६ व्या आठवड्यातच दाखवा. त्यासाठी रीतसर बैठकच हवी असं नाही. जेवताना, वॉर्डच्या जिन्यात, कुठेही चालेल.

आपली,
एक भूलतज्ज्ञ